अर्नो नदीच्या काठी तीन दिवस

परदेशाहून परतलेल्या माणसास घरची मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांचा आमच्या घरी एक क्रमच ठरून गेलेला आहे. धाकटे दीर खर्चाचे विचारतात, जाऊबाई जेवणखाणाचे विचारतात, पुतणेमंडळी छायाचित्रे भराभर पाहून ‘काकू, यात तुम्ही कुठे आहात?’ असे विचारतात. आणि सर्वांचे विचारून झाले म्हणजे देवघराच्या दाराशी बसलेल्या सासूबाई आपला एकच प्रश्न विचारतात. त्यांना यंदा सत्त्याऐंशीवे वर्ष लागले. इटलीतील फ्लॉरेन्स शहर पाहून मी परत आले, तेव्हाही त्यांनी तोच विचारला : “ते सगळं खरं गं, पण तिथे आपलं असं काही होतं का?”

एरवी या प्रश्नास मी हसून ‘नाही’ म्हणत आले आहे. या खेपेस मात्र मला ‘होतं’ असे म्हणावे लागले. ते काय होते, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

आम्ही चौघी मैत्रिणी. पुण्यास महाविद्यालयात असताना वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहिलो, आणि पुढे चार दिशांना पांगलो. एक नाशकास डॉक्टर झाली. एकीने बँकेत पस्तीस वर्षे नोकरी केली. मी शाळेत शिकविले. आणि चौथी, जी मूळची कोल्हापूरची, ती लग्नानंतर पतीच्या नोकरीनिमित्त इटलीत मिलान शहराजवळ जाऊन राहिली, तिला आता वीस वर्षे होऊन गेली. साठी उलटल्यावर एकदा तरी चौघींनी मिळून प्रवास करावयाचा, असा आमचा जुना संकल्प होता. तो गेल्या वर्षी सिद्धीस गेला.

निघण्यापूर्वी मी कोल्हापूरकरणीस फोन करून विचारले, “तुला इकडून काय आणू? मेतकूट, कुळथाचं पीठ, गोडा मसाला?” ती म्हणाली, “काही नको. भाऊ तुझ्याकडे एक लहानशी बाटली पोहोचती करील, तेवढी सामानात घालून आण.” बाटली आली. आत पाणी होते. वर चिठ्ठी लावलेली : ‘पंचगंगा’. मला नवल वाटले. परंतु विचारावेसे वाटले नाही.

मिलानहून फ्लॉरेन्सपर्यंतचा प्रवास वेगवान आगगाडीने जेमतेम दोन तासांचा आहे. इटालियन लोक या शहरास फिरेंझे म्हणतात. आमचा उतारा एका जुन्या मठाच्या अतिथिगृहात होता. खोल्या साध्या, स्वच्छ, आणि रात्री अकराला दार बंद. ‘अगदी आपलं वसतिगृह!’ असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि चाळीस वर्षांचे अंतर तेथल्या तेथे नाहीसे झाले. हिशेबाची वही अर्थातच बँकवालीच्या हाती राहिली. पहिल्याच रात्री तिने जाहीर केले की, या गावात पाणी फुकट पिणारा मनुष्य शहाणा, कारण सार्वजनिक नळांना उत्तम पाणी आहे.

जेवणाचीही पंचाईत वाटली होती, तीही झाली नाही. तस्कनी प्रांतातील गरिबांचे जुने जेवण म्हणजे शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि काळसर पालेभाजी एकत्र शिजवून केलेले दाट कालवण. त्याला ते रिबोल्लिता, म्हणजे पुन्हा उकळलेले, असे म्हणतात. रात्रीचे उरलेले सकाळी फोडणीस टाकणाऱ्या आपल्या घरांना हे नाव परके वाटू नये. मात्र तेथील पाव मुळीच मीठ न घालता करतात. पहिला घास घेताच आम्ही एकमेकींकडे पाहिले. कोल्हापूरकरणीने मुकाट्याने पिशवीतून चटणीची डबी काढली.

पहिला दिवस मुख्य देवळाचा. सान्ता मारिया देल फिओरे हे त्याचे नाव. याचे बांधकाम १२९६ साली सुरू झाले, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी एक विलक्षण अडचण उभी राहिली. भिंती उभ्या राहिल्या, पण मधली सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीची जागा झाकावयाची कशी? एवढ्या मोठ्या घुमटास खालून आधार देण्यासाठी लाकडी सांगाडा उभारणे अशक्यप्राय होते. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या मूळच्या सोनाराने १४२० साली हे काम अंगावर घेतले, आणि १४३६ पर्यंत जमिनीवरून आधार न देता घुमट पुरा केला. त्याने एकाच्या आत एक अशी दोन कवचे बांधली. विटा सरळ थरांत न बसविता मधून मधून उभ्या बसवून त्यांची तिरपी वीण घातली, म्हणजे प्रत्येक नवा थर वाळेपर्यंत खालच्या थराच्या आधाराने स्वतःच तग धरून राही. चाळीस लाखांहून अधिक विटांचा हा घुमट आज जवळजवळ सहाशे वर्षे उभा आहे.

वर जाण्यास ४६३ पायऱ्या आहेत, आणि पाळणा नाही. माझ्या गुडघ्यांविषयी डॉक्टरीणबाईंनी खालीच आपले मत स्पष्टपणे सांगितले होते. तरीही चढले. वाट त्या दोन कवचांच्या मधून जाते. भिंत एका बाजूने अंगावर झुकत येते, आणि आपण एखाद्या प्रचंड शिंपल्याच्या पोटातून चाललो आहोत असे वाटते. वर पोहोचल्यावर सारे शहर लाल कौलांचे दिसले, मधून अर्नो नदी, आणि सभोवार टेकड्या. पश्चिमेकडे, नदीच्या काठाने, झाडीचा एक लांब हिरवा पट्टा होता. कोल्हापूरकरीण बराच वेळ तिकडेच पाहत उभी होती. “तिथे परवा जायचं,” एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायकेल अँजेलोचा ‘डेव्हिड’ पाहिला. दुसऱ्या शिल्पकारांनी हात लावून टाकून दिलेला संगमरवराचा एक धोंडा कित्येक वर्षे पडून होता. त्यातून अवघ्या सव्विसाव्या वर्षी या तरुणाने १५०१ साली काम आरंभिले, आणि १५०४ पर्यंत ही पाच मीटरांहून उंच मूर्ती सिद्ध झाली. चित्रांतून ती शंभर वेळा पाहिलेली असते. परंतु उजव्या हाताच्या फुगलेल्या शिरा पाहिल्यावर, हा मुलगा अजून लढलेला नाही, आता लढणार आहे, हे ध्यानी येते. आपल्याकडे वीराची मूर्ती बहुधा विजयानंतरची असते. येथे भीती अद्याप संपलेली नाही, आणि तरीही तो उभा आहे.

दुपारी उफीत्सीच्या चित्रशाळेत गेलो. तेथील चित्रांविषयी लिहावयाचे तर एक ग्रंथच होईल. ती चित्रे त्या गावात का राहिली, एवढेच सांगते. फ्लॉरेन्सवर सुमारे तीन शतके मेदिची घराण्याचे वर्चस्व होते. त्या घराण्याची शेवटची वंशज आन्ना मारिया लुईसा ही अपत्यहीन होती. राज्य दुसऱ्या घराण्याकडे जाणार हे ठरताच तिने १७३७ साली नव्या राजवंशाशी करार केला : वाडवडिलांनी जमविलेली चित्रे, मूर्ती, ग्रंथ, रत्ने हे सारे राज्यास द्यावयाचे; अट एवढीच, की त्यातले काही फ्लॉरेन्सबाहेर जाऊ नये. १७४३ साली ती वारली. बायकांच्या हाती घराची किल्ली असते असे आपण म्हणतो. या बाईने किल्ली फिरवून सबंध शहराचे वैभव शहरातच ठेविले.

संध्याकाळी पॉन्ते वेक्कियो, म्हणजे जुना पूल, ओलांडला. हा १३४५ चा. पूर्वी त्यावर खाटकांची दुकाने होती. १५९३ साली त्यांना उठवून तेथे सोनार बसविले, ते आजतागायत आहेत. १९४४ च्या ऑगस्टमध्ये मागे हटणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील बाकीचे सारे पूल सुरुंग लावून उडविले; हा एकच ठेविला. परंतु नदीही काही कमी नाही. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी अर्नोला महापूर येऊन निम्मे शहर चिखलात बुडाले. ग्रंथालयांतील लाखो ग्रंथ भिजले, आणि ते पुसून वाळविण्यासाठी देशोदेशींचे तरुण धावून आले. त्यांना गावकरी ‘चिखलातले देवदूत’ म्हणू लागले. गल्लीगल्लीतल्या भिंतींवर पाणी कोठवर चढले त्याच्या खुणा आहेत. डोक्याच्या कितीतरी वर एक खूण होती, तिच्याखाली उभी राहून आमची मैत्रीण म्हणाली, “आमच्याकडे २०१९ साली असंच झालं. भाऊ फोनवर सांगायचा, आणि मी इथे खिडकीशी उभी.” ती पुढे काही बोलली नाही.

त्याआधी सान्ता क्रोचे या देवळात जाऊन आलो होतो. येथे मायकेल अँजेलो आहे, मॅकियावेली आहे. गॅलिलिओही आहे, तो १६४२ साली वारला, पण धर्मसत्तेचा रोष असल्याने त्यास देवळाच्या मुख्य भागात जागा मिळावयास १७३७ साल उजाडले. या साऱ्यांच्या ओळीत एक मोठे थडगे कवी दान्तेचे आहे. बँकवालीने वाचून सांगितले की, हे रिकामे आहे.

दान्तेस त्याच्या गावाने १३०२ साली हद्दपार केले. तो पुन्हा घरी परतू शकला नाही. १३२१ साली रावेन्ना येथे वारला, आणि तेथेच पुरला गेला. पुढे गावास पश्चात्ताप झाला. १५१९ साली अस्थी मागितल्या, तेव्हा रावेन्नाच्या संन्याशांनी त्या गुपचूप काढून लपविल्या, त्या थेट १८६५ साली सापडल्या. फ्लॉरेन्सने एकोणिसाव्या शतकात हे रिकामे थडगे बांधले. २००८ साली नगरसभेने ठराव करून हद्दपारीची शिक्षाही मागे घेतली. परंतु अस्थी रावेन्नातच आहेत. मात्र त्या समाधीपुढे एक दिवा जळतो, आणि त्याचे तेल दरवर्षी सप्टेंबरात फ्लॉरेन्सहून जाते.

“म्हणजे जिथे माणूस आहे तिथे दिवा त्यांचा, आणि तेल यांचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कोल्हापूरकरीण त्या रिकाम्या थडग्यापुढच्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, “उशिरा का होईना, तेल पाठवतात.”

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घुमटावरून पाहिलेल्या त्या हिरव्या पट्ट्याकडे निघालो. थोडी वाट ट्रामने, आणि पुढे पायी. नदीच्या उजव्या काठाने तीन-साडेतीन किलोमीटर लांब असे हे उपवन आहे, आणि त्याचे नाव काशीने. काशीशी त्याचा काही एक संबंध नाही. त्या शब्दाचा अर्थ गाईगुरांचे गोठे, कारण पूर्वी येथे मेदिचींची गुरे असत. परंतु नाव ऐकताच आम्ही तिघी थबकलो, आणि आमची मैत्रीण हसली. “मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा असंच झालं होतं,” ती म्हणाली.

उपवनाच्या अगदी टोकास, जेथे मुन्योने नावाचा एक लहानसा ओढा अर्नोला मिळतो, तेथे एक छत्री आहे. नक्षीदार खांब, वर घुमटी, आणि तिच्याखाली फेटा व अलंकार घातलेल्या एका तरुणाचा रंगविलेला अर्धपुतळा. गावचे लोक या स्मारकास नुसते ‘लिंदियानो’, म्हणजे ‘हिंदी माणूस’, म्हणतात. पलीकडे १९७८ साली पुरा झालेला तारांचा मोठा पूल आहे, त्याचेही नाव त्याच्यावरूनच पडले आहे. हा हिंदी माणूस म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

हे दुसरे राजाराम महाराज. १८६६ साली ते गादीवर आले. इंग्रजी उत्तम शिकलेले. समुद्र ओलांडणे धर्मबाह्य समजले जात असतानाही १८७० साली ते विलायतेस गेले, तेथील शाळा, कारखाने, सभा पाहिल्या, राणीची भेट घेतली, आणि या साऱ्याची रोजनिशी स्वतः इंग्रजीत लिहिली. ती त्यांच्या मागे १८७२ साली छापली गेली. परतीच्या वाटेवर युरोपातच त्यांची प्रकृती बिघडली, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस.

त्या वेळी इटलीत दहनाची चाल नव्हती, कायद्याने मुभाही नव्हती. बरोबरच्या मंडळींनी आपल्या धर्माप्रमाणे संस्कार करू द्यावा अशी विनंती केली, आणि नगराने खास परवानगी दिली. दोन प्रवाहांचा संगम शोधून रात्रीच्या वेळी येथेच चिता रचली गेली. पुढे १८७४ साली ही छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट यांचा; कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. पुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराने केला.

१८७० साली हे शहर कसे होते, याचा मी तेथे उभी राहून विचार करू लागले. तेव्हा ते इटलीच्या राज्याची राजधानी होते. आम्ही ज्या देवळाच्या रंगीत संगमरवरी दर्शनी भागापुढे छायाचित्रे काढली, तो भाग तेव्हा नव्हताच. नुसती उघडी भिंत होती, आणि हे काम १८८७ साली संपले. आणि तो ‘डेव्हिड’, जो आम्ही रांगेत उभे राहून, तिकीट काढून छपराखाली पाहिला, तो तेव्हा चौकात उघड्यावर, ऊन-पाऊस सोशीत उभा होता. त्यास १८७३ साली आत नेले. सव्विसाव्या वर्षी मूर्ती घडविणारा एक तरुण, आणि विसाव्या वर्षी त्याच गावी डोळे मिटणारा दुसरा.

आमची मैत्रीण संगमाच्या अगदी कडेस गेली. पिशवीतून तिने ती बाटली काढली. मग, पाठमोरी उभी असतानाच, ती आम्हांस प्रथमच सांगू लागली.

तिची आई २०२० च्या एप्रिल महिन्यात कोल्हापुरास वारली. मार्चअखेरीपासून हिंदुस्थानात परदेशची विमाने बंद झालेली. मिलानच्या बाजूस तर त्याआधीच घराबाहेर पाऊल टाकावयाची सोय उरली नव्हती. भावाने फोनवर आईचा चेहरा दाखविला. मोजकी चार माणसे, आणि पंचगंगेचा घाट. “मला रडायलासुद्धा कोणी जवळ नव्हतं, हे गाल तर हातांनी पुसले तरी भीती वाटायची असे ते दिवस,” ती म्हणाली. “नंतर दोनदा जाऊन आले कोल्हापूरला. सगळं नीट झालं होतं, भावाने काही कमी ठेवलं नव्हतं. पण मी नव्हते. ते ‘नव्हते’ काही केल्या जाईना. मग कोणीतरी या छत्रीविषयी सांगितलं. इथे येऊन उभी राहिले, आणि वाटलं, याच्याही घरचं कोणी नव्हतं इथे. आई तिकडे, मूल इकडे. तरी ज्यांना शक्य होतं त्यांनी संगम शोधला, लाकडं आणली, परक्यांनी परवानगी दिली. जो हजर असतो तो करतो. आणि जो नसतो, त्याने कधीतरी तेल पाठवावं.”

तिने बाटलीचे झाकण काढले. “मुलीने करावं की नाही, इथे करावं की नाही, हे मी कोणाला विचारलेलं नाही,” असे म्हणून तिने प्रथम आईचे नाव घेतले, मग महाराजांचे, आणि पंचगंगेचे पाणी अर्नोत सोडले. कोल्हापूरची पंचगंगा हीच मुळी प्रयाग चिखलीच्या संगमावर जन्म पावते, हे तिने आम्हांस वसतिगृहात कित्येकदा अभिमानाने सांगितले होते. त्या वेळी आम्ही तिची थट्टा करीत असू.

आम्ही तिघी मागे उभ्या होतो. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेविला. बँकवालीने रस्त्यावरच्या फुलवाल्याकडून घेतलेली फुले छत्रीच्या पायरीशी ठेविली. एक म्हातारा इटालियन गृहस्थ कुत्रा फिरवीत आला होता. त्याने टोपी काढली, थोडा थांबला, आणि काही न विचारता निघून गेला.

परत येताना गाडीत आम्ही पुष्कळ बोललो, पण याविषयी नाही. संध्याकाळपर्यंत आमची मैत्रीण आम्हांस पुन्हा जुनीच दिसू लागली. पावास मीठ का नाही यावर तिने वाढप्याशी इटालियन भाषेत चांगलाच वाद घातला. दुसऱ्या दिवशी आम्ही आपापल्या गावांस निघालो.

आज आपल्यापैकी असे घर विरळा, की ज्यातील एखादा मुलगा, मुलगी, पुतण्या सातासमुद्रांपलीकडे नाही. त्यांना निरोप देताना आपण हवापाणी, नोकरी, खाणेपिणे यांची चौकशी करतो. प्रसंगी आपण त्यांच्याजवळ नसू, किंवा ते आपल्याजवळ नसतील, हा विचार मात्र कोणी उच्चारीत नाही. तो उच्चारला नाही म्हणून टळतो असे नाही. फ्लॉरेन्समध्ये मला एवढे उमगले, की दूर राहिल्याने कर्तव्य चुकते असे नव्हे. ते हातून हाती जाते, कधी भावाच्या, कधी शेजाऱ्याच्या, कधी अगदी परक्याच्या. आणि उशिरा केले तरी ते वाया जात नाही.

हे सारे मी सासूबाईंना सांगितले. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझे सर्वांत लहान दीर, गेली पंधरा वर्षे कॅनडात आहेत. त्या बराच वेळ वाती वळीत बसल्या. मग विचारले, “पाणी सोडताना तिने दोघांचंही नाव घेतलं ना?”

“घेतलं,” मी म्हणाले.

“बरं केलंन्,” त्या म्हणाल्या, आणि वळलेली वात समईत ठेविली.